यात्रेहून काय आणावे?

आपल्या देशात मनुष्य यात्रेहून रिकाम्या हाताने परतला असे सहसा होत नाही. पंढरीचा वारकरी बुक्का आणि लाह्या घेऊन येतो. काशीस गेलेला म्हातारा पूर्वी तांब्याच्या गडूत गंगा बंद करून आणी आणि ती घरी आली म्हणजे मावंदे घालून भाऊबंद व शेजारीपाजारी यांस पंगतीस बसवी. आपण ख्रिस्ती लोक असलो म्हणून ही रीत आपल्यातून गेलेली नाही. वेलंकनीहून आलेला मनुष्य तेथील तेलाची कुपी आणि दोनचार जपमाळा घेऊनच घराचा उंबरा ओलांडतो. ‘तुमची आठवण आम्ही तेथे काढली होती,’ एवढेच त्या वस्तूने सांगावयाचे असते.

ही रीत किती सोपी आणि किती अवघड आहे, याचा अनुभव आम्हांस २०२५ च्या पवित्र वर्षात आला. तो सांगण्यासारखा आहे, आणि त्यात आमची चूक असल्यामुळे तो सांगणे आमचे कर्तव्यही आहे.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात काही यात्रेकरूंच्या संगतीने आम्हांस रोम, असिसी, लूर्द आणि पॅरिस येथे जाण्याचा योग आला. बालाघाटसारख्या ठिकाणी अशी बातमी लपून राहत नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्यांपासून वैनगंगेकाठी भात पिकविणाऱ्यांपर्यंत, आमच्या धर्मग्रामातील दीडशेएक घरांत ती आठ दिवसांत पोहोचली. मिस्सा संपली की लोक दाराशी थांबू लागले. कोणी म्हणे, ‘फादर, रोमची माळ आणा.’ गायनवृंदातील मुलांना कार्लो अक्युटिस या तरुण संताचे चित्र हवे होते. त्यांना पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद दिल्यामुळे त्यांचे नाव मुलांच्या तोंडी होते. काही हितचिंतकांनी वाटखर्चास म्हणून पाकिटे आणून दिली. ती आम्ही घेतली, आणि कोणी दिली हे मनात ठेवले. हे मनात ठेवणेच पुढे आम्हांस नडले.

सर्वांत शेवटी आली ती चर्चचे अंगण झाडणारी आजी. तिची मुलगी सहा वर्षांपासून अंथरुणास खिळलेली आहे. आजीने पदराखालून पाण्याची एक अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली काढली. ती स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, तोंडाशी फडके बांधून आणलेली होती. ती म्हणाली, “फादरजी, माह्या पोरीसाठी तेथलं पानी आनजा. बाकी काही नोको.” आम्ही बाटली घेतली आणि होय म्हटले.

रोमला पोहोचल्यावर आमच्यापुढे दुकानांचा बाजारच उभा राहिला. संत पेत्राच्या महामंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माळा, पदके, पुतळे, चित्रे आणि किल्ल्यांच्या साखळ्या यांनी दुकाने भरलेली आहेत. तेथे माळा डझनांनी मिळतात. आम्हीही डझनांनी घेतल्या. रात्री निवासस्थानी त्या मोजत असता एका डबीच्या तळाशी चिकटविलेला कागद दिसला, आणि ती माळ रोमहून नव्हे तर चीनमधून आलेली आहे हे कळले. चीनमधील कारागिराच्या हातात काही दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. त्या माळेवर म्हटलेली प्रार्थना देवापर्यंत पोहोचतेच. परंतु ज्याने ‘रोमची माळ’ मागितली त्यास आम्ही काय सांगणार होतो? तेव्हापासून आम्ही दुकानदारास आधी विचारू लागलो, ‘ही कोठे झाली?’ चांगला दुकानदार सरळ उत्तर देतो. जो विषय बदलतो त्याच्याकडून पुढच्या दुकानाकडे जावे, हे आम्ही शिकलो.

अशाच एका दुकानात आम्हांस उत्तर इटलीतील व्हाल गार्देना या डोंगरी खोऱ्यात कोरलेले लाकडी क्रूस दाखविण्यात आले. आल्प्स पर्वतातील त्या खोऱ्यात सतराव्या शतकापासून लाकडावर कोरीवकाम होत आले आहे. हिवाळ्यात बर्फामुळे शेती थांबे, तेव्हा शेतकरी घरात बसून लाकूड कोरीत. पुढे तोच त्यांचा धंदा झाला. आता पुष्कळ काम आधी यंत्रावर होते आणि शेवटचा हात माणसाचा फिरतो. सर्वस्वी हातांनी केलेली मूर्ती फार महाग असते. आमच्या बैहरच्या बाजूस बांबूचे काम करणारे लोक आहेत. त्यांची आठवण येऊन आमचे मन त्या क्रुसांवर बसले. आम्ही बारा क्रूस घेतले. बाराच का? पाकिटे देणारी घरे बारा होती म्हणून. वाचकहो, तेव्हा हा हिशेब आम्हांस अगदी न्यायाचा वाटला.

येथे दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण पुढे आपल्यापैकी कोणाची मुलेमुली परदेशी जातील आणि त्यांना हे कोणी सांगणार नाही.

पहिली गोष्ट आशीर्वादाची. वस्तू आधी विकत घ्यावी आणि मग तिच्यावर आशीर्वाद घ्यावा. आशीर्वादित वस्तू विकली गेली की तिच्याशी जोडलेली दंडमाफी संपते, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. म्हणून ‘ही पोपमहोदयांनी आशीर्वादिलेली माळ आहे, हिचे पैसे जास्त पडतील,’ असे कोणी म्हणाल्यास त्यास नमस्कार करून बाहेर पडावे. रोममध्ये बुधवारी पोपमहोदयांची सार्वजनिक भेट असते. तिच्या शेवटी ते आशीर्वाद देतात, आणि तो यात्रेकरूंनी आणलेल्या पवित्र वस्तूंस आणि घरी राहिलेल्या आजारी माणसांस व मुलांसही असतो. त्यास एक पैसा पडत नाही. आम्ही आमच्या दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो. नाव घालून लिहिलेले आशीर्वादपत्र हवे असल्यास ते व्हॅटिकनच्या दानधर्म कार्यालयातून मिळते. दुकानांतून ती पत्रे देण्याची पद्धत २०१५ च्या आरंभापासून बंद केलेली आहे, आणि पत्रासाठी घेतलेला पैसा गरिबांच्या मदतीस जातो.

दुसरी गोष्ट संतांच्या अवशेषांची. पवित्र अवशेष विकण्यास १९८३ च्या विधिसंहितेच्या ११९० व्या कलमाने पूर्ण मनाई आहे. तरीही २०२५ मध्ये कार्लो अक्युटिस यांचे म्हणून सांगितलेले अवशेष इंटरनेटवरील लिलावात विक्रीस आले, आणि असिसीच्या महागुरुस्वामींना त्याविरुद्ध सरकारी वकिलाकडे तक्रार करावी लागली. ते अवशेष खरे की खोटे, हा प्रश्न वेगळा. परंतु खरे असले तरी विकता येत नाहीत आणि खोटे असले तर ती फसवणूक आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी ते घेण्यात हानीच आहे. मुलांसाठी आम्ही साधी चित्रे आणली आणि मुले तेवढ्यावर आनंदली.

लूर्द येथे आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. १८५८ मध्ये बर्नादेत सुबिरू या गरीब मुलीस मरियामातेचे अठरा वेळा दर्शन झाले ती गुहा आणि तो झरा तेथे आहे. झऱ्याचे पाणी नळांनी बाहेर आणलेले असून ते कोणासही फुकट भरता येते. पैसे पडतात ते दुकानातील बाटलीचे. मरियामातेच्या आकाराच्या, निळ्या झाकणाच्या बाटल्या लोक पाचपाच, दहादहा घेत होते. आम्ही आजीची बाटली धुऊन भरली, तिचे तोंड घट्ट केले, आणि आजारी मुलीच्या नावाने गुहेसमोर माळ म्हटली. मोठ्या बॅगेत बाटली दबेल, फुटेल, क्रुसांवर सांडेल, या काळजीने ती आम्ही हातातल्या पिशवीत ठेवली.

पॅरिसमध्ये र्यू द्यू बाक या रस्त्यावरील मठाच्या प्रार्थनामंदिरात आम्ही मिस्सा केली. १८३० मध्ये याच ठिकाणी कॅथरिन लाबुरे या तरुण धर्मभगिनीस पदकाचा दृष्टान्त झाला. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ पसरली असता पहिली पदके तयार झाली आणि धर्मभगिनींनी ती आजाऱ्यांस वाटली. आजही तेथे ती साध्या हलक्या धातूची पदके पुडक्यांनी मिळतात आणि किंमत अगदी थोडी असते. आम्ही दोनशे पदकांचे पुडके घेतले. ‘बाकीच्यांसाठी होतील,’ असे आम्ही मनाशी म्हटले. ‘बाकीचे’ हा शब्द आमच्या मनात किती सहज आला!

परतीच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत आमची पिशवी उघडली गेली. शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव हातातल्या सामानात तेथे चालत नव्हते. हा नियम युरोपात २००६ मध्ये आला, आणि आम्ही तो वाचलेलाही होता. ऑगस्ट २००७ मध्ये खुद्द व्हॅटिकनच्या यात्राविभागाने लूर्दसाठी सुरू केलेल्या विमानाच्या यात्रेकरूंनाही परत येताना आपले पाणी तपासणीत सोडून द्यावे लागले होते. तपासणारा तरुण सभ्य होता. आम्ही त्यास सांगितले की हे लूर्दचे पाणी आहे, एका आजारी मुलीसाठी आहे. त्याने मान हलविली, ‘फादर, नियम आहे,’ असे म्हटले आणि बाटली डब्यात टाकली. त्याचा दोष नव्हता. आमच्या मोठ्या बॅगेत तेवीस किलो सामान सुखरूप चालले होते, आणि ज्या एका वस्तूसाठी आम्हांस खरोखर कोणी विनविले होते ती मागे राहिली.

घरी आल्यावर रविवारी मिस्सेनंतर आम्ही वाटप केले. पदके दाराशी वाटली. क्रूस मात्र त्या बारा घरी स्वतः जाऊन दिले. पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या धर्मग्रामात कोणाच्या भिंतीवर क्रूस आहे आणि कोणाच्या मुठीत पदक आहे, याची यादी तोंडपाठ झाली होती. एका घरची माता आमच्या कानी पडेल अशा बेताने म्हणाली, “आमचं पाकीट लहान होतं, म्हणून आमची वस्तूही लहान.” तिने पाकीट दिलेलेच नव्हते, परंतु आम्ही काय केले आहे ते तिने बरोबर ओळखले होते. वेदीवरून आम्ही विधवेच्या दोन दमड्यांवर किती वेळा प्रवचन केले असेल! आणि भेटी वाटताना मात्र मोठ्या नाण्यांचीच मोजदाद केली. पटकीच्या आजाऱ्यांस वाटलेले तेच पदक आम्ही दुय्यम ठरविले. ते कमीपण त्या धातूत नव्हते, आमच्या हिशेबात होते.

आजीकडे मात्र आम्ही आलो त्याच संध्याकाळी गेलो होतो. झाले ते सांगितले. तिच्यासाठी एक चांगली माळ नेली होती, ती पुढे केली. तिने माळ घेतली, कपाळाला लावली आणि एवढेच म्हणाली, “बरं जी.” रागाने म्हणाली असती तर आम्हांस सोपे गेले असते. तिची मुलगी खाटेवरून आमच्या हातांकडे पाहत होती. तिला बाटलीविषयी आधीच सांगून ठेवलेले होते, हे आमच्या ध्यानी आले.

दहाबारा दिवसांनी गोंदियाहून एक बाई गाडीने आल्या. यात्रेत त्या आमच्याबरोबर होत्या आणि तपासणीच्या रांगेत आमच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी आपले पाणी मोठ्या बॅगेत, साडीत गुंडाळून आणले होते. एकच बाटली, ती त्यांच्या पतीसाठी होती, ज्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आहे. त्यांनी त्यातले अर्धे औषधाच्या एका बाटलीत काढून आणले होते. “फादर, ती पोरगी कोठे राहते?” असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना घेऊन गेलो. आजीने पाणी मुलीच्या कपाळास लावले, दोन थेंब ओठांस लावले आणि बाटली खाटेजवळच्या फळीवर मरियामातेच्या चित्रापुढे ठेवली. मग तिने चहा केला. त्या दोन स्त्रिया आपापल्या घरच्या आजाऱ्यांविषयी बराच वेळ बोलत बसल्या, आणि आम्ही दाराशी बसून ऐकत होतो.

शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात दावीद राजाची एक गोष्ट आहे. शत्रूने बेथलेहेम व्यापलेले असता राजास तेथील विहिरीच्या पाण्याची आठवण झाली. त्याच्या तीन वीरांनी शत्रूच्या छावणीतून वाट काढून ते पाणी आणले. परंतु ज्या पाण्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला ते आपण कसे प्यावे, म्हणून त्याने ते देवापुढे ओतले. पाणी तेच, आणणाऱ्याने त्यासाठी काय दिले, यावरून दावीदाने त्याचे मोल जाणले. गोंदियाच्या त्या बाईंनी आपल्या घरच्या आजाऱ्याच्या वाट्यातले अर्धे दिले होते. आमच्या बारा क्रुसांत आमचे स्वतःचे असे काय गेले होते? दुसऱ्यांनी दिलेले पैसे आम्ही लाकडाच्या रूपाने त्यांस परत केले होते, इतकेच.

पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून आमची चूक कबूल केली. क्रूस परत मागणे शोभले नसते. ते जेथे आहेत तेथे असोत. परंतु आम्ही लोकांस सांगितले की यात्रेची खरी भेट अजून द्यावयाची राहिली आहे, ती सर्वांनी एकत्र घ्यावी. मग ख्रिस्तराजाच्या सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणात मावंद्याची पंगत बसली. भात आमच्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाचा होता, ज्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळ, भाजी आणि एक गोड पदार्थ होता. क्रुसाचे घर आणि पदकाचे घर शेजारी शेजारी बसले. कुजबुज अगदी थांबली असे आम्ही म्हणणार नाही. धर्मग्राम म्हणजे माणसांचेच गाव. परंतु त्या माता आपणहून वाढावयास उभ्या राहिल्या, आणि आमच्या पानावर त्यांनी दोनदा भात घातला.

भेट एकाच्या हाती अडकून राहू नये, हे मोठ्या माणसांनीही दाखविले आहे. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखारिस्ट परिषदेसाठी मुंबईस आले असता त्यांच्या वापरासाठी एक भारी अमेरिकन मोटार त्यांस मिळाली होती. जाताना त्यांनी ती मदर तेरेसा यांस दिली, आणि मदरांनी तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लावला. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाठविलेला सोन्याचा गुलाबही कोणा एका घरी आला नाही. तो गोव्याच्या कॅथेड्रलला, म्हणजे सर्वांना मिळाला.

म्हणून यापुढे परदेशी यात्रेस किंवा नोकरीस जाणाऱ्या आमच्या लेकरांस आमचे सांगणे असे. निघण्यापूर्वी सर्वांचे ऐकून घ्यावे, आणि त्यात खरी गरज कोणाची आहे ते वेगळे लिहून ठेवावे. त्या माणसाची वस्तू आधी घ्यावी, बाजार मग करावा. गावासाठी आणावयाचे ते लहान असावे, पण सर्वांस सारखे असावे. मोठे काही घेण्याची ऐपत असल्यास ते एकच घेऊन चर्चला किंवा शाळेला द्यावे. पाणी, तेल इत्यादी मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवावे. आणि पैसे सरले तर खंत करू नये. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी बाळ येशूपुढे सोने, ऊद व गंधरस ठेवला हे शुभवर्तमानात लिहिले आहे. परत जाताना त्यांनी आपल्या गावी काय नेले, ते लिहिलेले नाही. त्यांनी जे पाहिले ते लोकांस सांगितले असावे, असे आम्हांस वाटते.

आजीची मुलगी अजून खाटेवरच आहे. बाटलीतले पाणी निम्म्यावर आले आहे. आम्ही पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन पहिल्या शुक्रवारी तिच्याकडे जातो, तेव्हा ती आम्हांस प्रत्येक वेळी गोंदियाच्या मावशींची खुशाली विचारते. त्या मावशी महिन्यातून एकदा येतात.